लाभ, दोन, तीन

सत्र संपलं की शाळेत एक तक्ता भरून द्यावा लागतो. प्रत्येक मुलाच्या नावापुढे विषय आणि त्याखाली रकाना, ‘काय शिकला / शिकली’. रकाना बोटभर रुंद. त्यात ‘मापन’ लिहायचं, ‘परिसरातील व्यवसाय’ लिहायचं, सही ठोकायची आणि सुट्टीवर जायचं. इतकी वर्षं मी तेच करत आले. यंदा एप्रिलमध्ये तिसरीचा तक्ता समोर आला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो मी दोन दिवस टेबलावर तसाच पडू दिला.

राग यायचं कारण हेच, की यंदा माझा वर्ग खरोखर शिकला होता. दिवाळीनंतर धान निघालं तेव्हा सतराही पोरांना घेऊन मी गावच्या खळ्यावर गेले. जंगलाकडच्या वाटेवर वाघाचे ठसे होते, म्हणून तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, लांबचा फेरा घेतला. खळ्यावर एक माणूस धान मोजत होता. माझ्याच वर्गातल्या एका मुलीचा तो बाप. तलावातली मासेमारी आणि थोडी धानाची शेती यावर त्यांचं घर चालतं, पण हात सरळ, मापात खोट नाही, म्हणून धान मोजायला सगळं गाव त्यालाच बोलावतं. त्यानं मापाची पायली भरली, तळव्यानं सपाट केली, पोत्यात ओतली आणि मोठ्यानं म्हणाला, “लाभ.” मग दुसरी ओतली, “दोन.” मग, “तीन.”

मी वाढले माजरीच्या कोळसा वसाहतीत. तिथे मोजमाप म्हणजे ट्रक. मी विचारलं, “एक कुठे गेला, भाऊ?” बापाच्या आधी मुलगीच बोलली. वर्गात जिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे माझा घाम निघायचा, ती.

“पहिल्या मापाले एक नाई म्हणत, बाई. लाभ म्हणा लागते. मंग बरकत रायते. मायनं शिकवलं मले.”

त्या एका सकाळच्या बळावर आमचे सगळे विषय चालले. गणितात पायलीचे शेर केले, मराठीत खळ्यावर दहा वाक्यं लिहिली, परिसर अभ्यासात शेतातल्या बांधीपासून ताटापर्यंत धान कसं येतं ते पोरांनीच मला सांगितलं. इंग्रजीत राइस आणि बॅग आलं, चित्रकलेत धानाच्या तणसाचे ढीग आले, आणि एकानं ढिगामागे वाघही काढला. ती मुलगी मापाची मुकादम झाली. पत्र्याचा डबा घेऊन वाळू मोजायची आणि चुकलेल्याला परत मोजायला लावायची. तिच्याकडे बघून मला फार बरं वाटायचं, हे कबूल करते.

डिसेंबरात तिची आई शाळेत आली. जानेवारी लागला की गावातली निम्मी घरं मिरची तोडायला तेलंगणात जातात, ती थेट उन्हाळ्यात परततात. तिला कडेवरचा मुलगा होता. त्याला शेतात सांभाळायला कोणीतरी हवं होतं.

“पोरगी शिकून राह्यली का नाई, तेवढं सांगा बाई,” ती म्हणाली. “शिकत असल तं आत्याजवळ ठेवतो इथीच. नसल शिकत तं कायले ठेवू? लहान्याले तरी पाहील.”

मी म्हटलं, “शिकते आहे. डोळे मिटून तिला इथेच ठेव.”

“तुमी तं साऱ्याइले चांगलंच म्हणता. पडताळणीचा कागद येऊ द्या.”

तो कागद तिच्या डोक्यात मीच भरवला होता. मागच्या पालकसभेत मी सांगितलं होतं, की बाहेरचे सर येतात, मुलांना तपासतात. हिरवं म्हणजे येतं, लाल म्हणजे येत नाही, आणि तो कागद खरा. मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

पडताळणीचे सर आठवड्यानं आले. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. वर्गशिक्षिकेनं बाहेर थांबायचं असा नियम, म्हणून मी व्हरांड्यात उभी. दारातून दिसत होतं. त्यांनी चिंचोक्यांचा ढीग तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “मोज.” तिनं पहिला चिंचोका उचलून बाजूला ठेवला. “लाभ.”

त्यांनी थांबवलं. ढीग पुन्हा एक केला. “नीट मोज.” ती पुन्हा म्हणाली, “लाभ.” तिसऱ्यांदाही तेच. फळ्यावरचे आकडे ती एकपासूनच म्हणायची. पण हातात वस्तू घेऊन मोजायची म्हणजे ते माप, आणि मापाला एक म्हणत नाहीत. तिनं काहीही चुकवलं नव्हतं. दोनपर्यंत तिला कोणी जाऊच दिलं नाही. मोबाईलवर बोट पडलं, ‘संख्याज्ञान नाही’.

मी आत घुसले आणि सगळं सांगितलं. सर चिडलेही नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. शांतपणे म्हणाले, “मॅडम, ॲपमध्ये लाभचं बटण नाही.”

मी तालुक्याला जाऊन अर्ज दिला. फेरतपासणी करू म्हणाले. चार दिवसांत येतो म्हणाले. आणि त्या चार दिवसांत मी जे केलं ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. मी रोज तिला मधल्या सुट्टीत बसवलं, चिंचोके पुढे टाकले आणि म्हटलं, “एक म्हण.” ती लाभ म्हणाली की टेबलावर पट्टी आपटायची. तिला वाचवायचंय, असं मला वाटत होतं. पहिल्या दिवशी ती गोंधळली, दुसऱ्या दिवशी रडली. चौथ्या दिवशी माझ्याकडे न बघता म्हणाली, “एक.” मी तिला शाबासकी दिली.

फेरतपासणीला कोणी आलं नाही. मुदत संपली, ॲप बंद झालं.

आईनं कागदावरची लाल खूण बघितली. मी पुन्हा सगळं समजावलं. ते ऐकून ती म्हणाली, “मंग कागद खोटा का, बाई? तुमीच तं खरा म्हटलं होतं.” तिनं वळून पोरीच्या पाठीत धपाटा घातला. “मुकाट्यानं एक म्हणायले काय झालं होतं वं तुले?” जिनं लाभ शिकवला तीच विचारत होती. पोरगी आमच्या दोघींकडे बघत राहिली.

जानेवारीतल्या एका सकाळी मिरचीवाल्यांची पिकअप गाडी तलावाच्या पाळीजवळ उभी राहिली. शाळा भरायची होती, मी मुद्दाम तिथून गेले. बाप गाठोडी वर देत होता. आई गाडीतून म्हणाली, “मोज वं, काई रायलं तं नाई ना.”

भावाला कडेवर घेऊन पोरीनं पहिल्या गाठोड्यावर हात ठेवला. “एक.”

बापाचा हात थांबला. आई दचकून म्हणाली, “लाभ म्हण वं. घरून निघून राह्यलो आपन.”

पोरीनं माझ्याकडे बोट केलं. “बाईनं एक म्हणायले सांगितलं.” आणि मग दोन, तीन, चार करत शेवटच्या गाठोड्यापर्यंत मोजलं. एकही चूक नाही.

गाडी गेली. पोरगी अजून आलेली नाही. काल मी तक्ता भरला. सोळा नावांपुढे लिहायचं ते लिहिलं. तिच्या नावापुढे गणिताच्या रकान्यात लिहिलं, ‘एक म्हणायला शिकली. मी शिकवलं.’ आणि खाली सही केली.