तुऱ्यावरची वाटी

आज कालव्याकाठी आल्डरच्या झाडाच्या गळलेल्या, काळ्या पडलेल्या तुऱ्यावर मसुराएवढी तपकिरी वाटी उगवलेली दिसली, आणि माझीच चोरी पकडली गेल्यासारखं झालं.

लॉकडाऊनमध्ये विमानं बंद झाल्यामुळे बाबा नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला आमच्याकडे अडकले होते. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस. एका सकाळी फिरून आले ते तळहातावर असाच एक तुरा पुढे धरूनच.

"अरे बघ, बुरशी आहे ही! या तुऱ्यांवरच उगवते."

माझी मीटिंग चालू होती. मी बघितलंसुद्धा नाही. किराण्याच्या पिशव्यांवर फवारायचो तसं दारातच त्यांच्या तळहातावर सॅनिटायझर फवारलं.

"बरं," एवढंच म्हणाले. मग तुरा हातात तसाच ठेवून, मी शिकवलं होतं तसं, वीस आकडे मोजत दोन्ही हात चोळत राहिले.