एका महिन्याचं मौन

हे मी सुधीरलाही सांगितलेलं नाही. सुधीर माझा नवरा. एकवीस वर्षांचा संसार. आमच्या चर्चचे पाळक दर महिन्याला सगळ्यांकडून प्रार्थनेचे विषय लिहून घेतात, त्या कागदावरही हे कधी उतरलं नाही. आणि खरं सांगू? देवाशी बोलतानासुद्धा मी याला वळसा घालून पुढे जाते. त्याला माहीतच आहे, मग सांगायचं कशाला, असं स्वतःला समजावते. तुम्हाला माहीत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

आमचा एक बँड होता. ख्रिस्ती गाण्यांचा, पण पेटी-तबल्याचा नव्हे. ड्रम, बेस, सुधीरची लीड गिटार, माझा कीबोर्ड. नाव 'मोहरी'. पुण्याजवळ कासार आंबोलीत एका बंगल्याच्या मागे पत्र्याची शेड होती. बंगल्याचे मालक फक्त शनिवार-रविवारी यायचे, म्हणून आमचा सराव मधल्या वारी. चर्चच्या मंडळीतली जुनी माणसं नाकं मुरडायची — एवढा धडधडाट कशाला, देव काय बहिरा आहे? आम्ही हसायचो. तरुण मुलं मात्र यायची. वर्षातले चार महिने आम्ही रस्त्यावर असायचो. श्रीरामपूर, जालना, बीड, सोलापूर. शाळेची मैदानं, चर्चची आवारं, एखाद्या गावात नुसतं मोकळं शेत.

गाणी माझी असायची. शब्द माझे, चालही माझी. आवाज मात्र माझ्याकडे नव्हता. माझा आवाज पातळ आहे, वर गेला की किरकिरतो. लहानपणापासून मला हे माहीत होतं, आणि लहानपणापासून ते मला सहन होत नव्हतं.

आवाज रूथकडे होता.

रूथ जवळच्याच रिहे गावची. तिथेच बालवाडीत शिकवायची. तेव्हा चोवीस वर्षांची होती. नवरा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, मुलगी सारा जेमतेम दीड वर्षाची. दौऱ्यावर निघालो की साराला तिची आजी, म्हणजे रूथची आई कमलमावशी सांभाळायची. रूथ बोलायला लागली की 'हितं', 'तितं', 'न्हाई' — आमचा ड्रमर तिची नक्कल करायचा आणि तीही हसायची. पण गायला लागली की तो पोरगा काड्या हातात धरून नुसता बसून राहायचा. कसं सांगू तुम्हाला? मी शेडमध्ये बसून चार-चार महिने घासलेली ओळ ती एकदा म्हणायची, आणि मला वाटायचं, अरे, मी हे लिहिलं होतं?

गाडीतलं आयुष्य बाहेरून दिसतं तसं नसतं. ट्रॅव्हलरच्या मागच्या निम्म्या भागात स्पीकरची खोकी, पायात वायरींची वेटोळी, मांडीवर डबे. मुक्कामाला कुणा पाळकांच्या घरातली एक खोली; आम्ही दोघी बायका आत, पुरुष व्हरांड्यात. कपडे वाळत नाहीत, पोट बिघडतं, एकमेकांच्या खोकल्याचा राग येतो. आणि संध्याकाळी स्टेजवर चढून आनंदाबद्दल गायचं. रूथ तेव्हासुद्धा कुरकुरायची नाही. सकाळी माझ्या आधी उठून माझ्यासाठी चहा आणायची. मी तिच्याहून अठरा वर्षांनी मोठी. मला 'ताई' म्हणायची आणि मी सांगेन ते ऐकायची.

बघा, मी पुन्हा गाडीबद्दल बोलत बसले. गाडीबद्दल बोलणं सोपं आहे.

सात वर्षांपूर्वी, डिसेंबरच्या दौऱ्याआधी, रूथचा आवाज बसला. सरावात एक वरचा सूर लावताना काहीतरी चिरकलं आणि ती गळ्याला हात लावून खाली बसली. दोन दिवस वाफ घेतली, ज्येष्ठमध चघळला. उतार पडेना. सोमवारी मी तिला पुण्यात घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. शुक्रवारी आम्हाला निघायचं होतं.

डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला. रूथला चक्कर आली. नर्सने तिला बाहेरच्या बाकावर आडवं केलं. त्यामुळे आत मी एकटीच होते. डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं — स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या, त्यातली डावी लालभडक. म्हणाले, यात रक्त उतरलंय. एक महिना पूर्ण मौन. बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. महिनाभर गप्प राहिली तर बरी होईल. या अवस्थेत गायली तर कायमचा व्रण राहू शकतो. त्यांनी ते सगळं इंग्रजीत कागदावर लिहिलं आणि एका शब्दाखाली दोनदा रेघ मारली.

मी कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि बाहेर आले.

रूथ उठून बसली होती. खुणेनेच विचारलं, काय?

मी म्हणाले, "सूज आहे. गोळ्या दिल्यात. दोन दिवस बोलू नकोस."

एवढंच. अर्धं मिनिटही लागलं नाही. हे वाक्य मी रिक्षात बसून ठरवलं असतं, घरी जाऊन त्यावर तळमळले असते, तर आज सांगायला निदान काहीतरी असतं. तसं काही झालं नाही. दारातून बाकापर्यंत आठ-दहा पावलं होती, तेवढ्यात ते वाक्य तयार झालं. रूथच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "देवाची किरपा," ती म्हणाली. तिने बोलायचं नव्हतं, तरी ती एवढं बोलली.

का केलं? सोलापूरला मोठा मेळावा होता. दूरदूरच्या मंडळ्या येणार होत्या. तिथे माझं एक गाणं पहिल्यांदा म्हटलं जाणार होतं. चार वर्षं मी ते घडवत होते. शेवटच्या कडव्यात ते पायरी पायरीने चढत जातं आणि सगळ्यात वर जाऊन थांबतं. तो सूर आमच्यात फक्त रूथला लागायचा. दौरा रद्द करता आला असता? आला असता. दुसऱ्या कुणाला गायला लावता आलं असतं? तेही आलं असतं, खालच्या पट्टीत. लोकांनी समजून घेतलं असतं. आमचं पोट काही त्यावर नव्हतं, सुधीरची नोकरी होती, मी शिकवण्या घ्यायचे. सुधीरने त्या संध्याकाळी विचारलंही, डॉक्टर काय म्हणाले? त्यालाही मी सूजच सांगितली.

श्रीरामपूरला ती गायली. जालन्याला गायली. बीडला दुपारी ती माझ्याकडे आली, घसा दाबत म्हणाली, "ताई, त्या नव्या गाण्याची पट्टी वाईच खाली घेऊ या का? वर दुखतंय लई."

मी कीबोर्डची वायर गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "पट्टी खाली आणली की गाणं मरतं, रूथ. विश्वास ठेव."

विश्वास ठेव. हे शब्द मी वापरले.

सोलापूरला ती शेवटच्या कडव्यापर्यंत गेली. मी तिच्याकडे पाहत होते, सगळे पाहत होते. ती चढली, एक पायरी, दुसरी, आणि तो वरचा सूर लागला. खरंच लागला. दोन क्षण असेल. समोरचे लोक उभे राहिले. मग तिच्या तोंडातून हवा आली, नुसती हवा. लोकांना वाटलं, तिला भरून आलंय. ते जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले. ती माझ्याकडे वळली. तोंड उघडं, मान ताणलेली, आणि आवाज नाही. मी वाजवत राहिले. त्या दोन क्षणांत मी सुखी होते, हेही सांगायला हवं. अगदी सुखी.

परत आल्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. दुसऱ्या, कारण पहिल्यांकडे मी तिला नेणार नव्हते. ते म्हणाले, व्रण झालाय, आता फार काही करता येणार नाही. आधी कुणाला दाखवलं नव्हतं का? रूथने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, दाखवलं होतं, तेव्हा साधी सूजच होती. डॉक्टरांनी खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापवताना मी तो घडी घातलेला कागद बंबात टाकला.

तुम्हाला वाटेल, हे एवढंच. मलाही बरीच वर्षं असंच मानायचं होतं, की माझी चूक म्हणजे तो कागद. पण मी जे लपवलं ते कागदापाशी संपत नाही.

मार्चमध्ये मी रिह्याला तिला भेटायला गेले. तिची बालवाडीतली नोकरी सुटली होती. पोरांना तिचं ऐकूच जायचं नाही. कमलमावशी ओट्यावर वाल निवडत होती. मला बघून उठली, पाणी दिलं. म्हणाली, "बाई, पोरगी रात-दिस रडतीया. आमास्नी काय सांगत न्हाई. तुमचं ऐकंल ती. तुमी बोला."

रूथ आतल्या खोलीत होती. साराला दूध-भात भरवत होती. सारा लांब गेली की ताटलीवर चमचा वाजवून तिला बोलवायची. मी शेजारी बसले. तिने साराचं तोंड पुसलं. मग त्या घोगऱ्या, फाटक्या आवाजात, श्वास घेत घेत म्हणाली, "ताई, मला कळलंय हे का झालं. टाळ्या वाजायच्या ना, तवा मला लई गोड वाटायचं. देवाचं गाणं म्हनायची अन् मनात म्हनायची, बघा, मी कशी गाते. म्हनून त्यानं काढून घेतलं. व्हय ना?"

तिने मला विचारलं होतं. 'व्हय ना' म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होती. एक 'नाही' पुरला असता. खरं सांगायचीही गरज नव्हती. नुसतं म्हणायचं, नाही गं, वेडी आहेस का, देव असा नसतो. तिची आई बाहेर वाट बघत होती. त्या घरात माझ्या शब्दाला किती वजन होतं, हे मला त्या क्षणी नेमकं ठाऊक होतं.

पण ती शोधत होती. ती कारण शोधत होती, आणि शोधता शोधता कधी ना कधी त्या दवाखान्यापर्यंत पोचली असती. तिला एक कारण सापडलेलं मला हवं होतं.

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "व्हय, रूथ. कबूल केलंस, बरं झालं. आता त्याच्याकडे क्षमा माग."

ती गुडघ्यावर बसली. मीही बसले. तिने माझ्यासमोर तिच्या गर्वाची क्षमा मागितली, आणि मी 'आमेन' म्हणाले. बाहेर आल्यावर कमलमावशीने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "लई उपकार झालं बाई तुमचं."

बँड वर्षभरात मोडला. ड्रमर दुबईला गेला. सुधीरने गिटार माळ्यावर टाकली. रूथ आता पिरंगुटला एका कंपनीच्या कँटीनमध्ये भाज्या चिरते. तिथे बोलावं लागत नाही. दर रविवारी उपासनेला येते. पहिल्या रांगेत बसते, गाणी सुरू झाली की ओठ हलवते. मी अजून कीबोर्ड वाजवते. दर ईस्टरला ती मला तांदूळ पाठवते, घरचे.

मागच्या महिन्यात महाळुंग्याला, जिथे आमची मंडळी आता एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमते, लहान मुलांचा कार्यक्रम झाला. सारा साडेआठ वर्षांची झालीये. ती एकटी गायली. मी साथ करत होते, आणि दुसऱ्या ओळीला मी एक सूर चुकले. तोच आवाज. रूथचा.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलणं चाललं होतं. रूथ साराला हाताला धरून माझ्याकडे आली. वाकून माझ्या कानाजवळ तोंड आणलं, कारण तसं केल्याशिवाय तिचं ऐकू येत नाही.

"ताई," ती म्हणाली, "हिला बी टाळ्या आवडाया लागल्यात. तुमी सांगा हिला. माझं काय झालं ते सांगा. तुमचं ऐकंल."

सारा माझ्याकडे बघत होती. केसांना लाल रिबिनी, गाल तापलेले, टाळ्यांचं हसू अजून चेहऱ्यावर होतं.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आवाज देवाचा असतो बाळा. गर्व केला की तो परत घेतो. आईला विचार हवं तर."

साराच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने आईकडे पाहिलं. रूथने मान डोलावली.