पत्र्याची पाटी

सोलापूर स्टेशनवर गाडी हलायला दोन मिनिटं असताना माझ्या वडिलांनी, अण्णांनी, पिशवीतून पत्र्याची पाटी काढली आणि माझ्या बॅगेत, शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्यांच्या मधोमध, दडपून बसवली. मला हसूच आलं. चेन्नईतल्या एका ऑनलाइन शाळेत पाचवीला गणित शिकवायची नोकरी मला लागली होती. नवरा तिथल्या मोटारींच्या कारखान्यात दोन महिने आधीच रुजू झाला होता. "अण्णा, तिथं सगळं स्क्रीनवर असतं," मी म्हटलं. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेला माणूस तो. म्हणाले, "असू दे. पत्र्याची आहे, फुटायची नाही. पोचलीस की फोन कर."

अण्णांची रीत मी त्यांच्याच वर्गात बसून पाहिलेली. गणित घातलं की हात वर करायचा नाही. प्रत्येकानं पाटीवर उत्तर लिहायचं, पाटी छातीशी उलटी धरायची, आणि "पाट्या वर" म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. "हात वर करतो त्याला येतंच. मला न येणारा दिसायला पाहिजे," ते म्हणायचे. कॉलेजात शिकून शहाणी झालेल्या मला हे फार जुनाट वाटे.

सोलापुरात राहिलेल्या मैत्रिणी अजून विचारतात, तिथं करमतं का गं? अगं, पहिले दोन महिने मी हवेत होते. वेस्ट मांबलमला दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या, मैलापूरला बसने ऑफिस, आणि तिथे काचेच्या खोलीत माझा स्टुडिओ. एकतीस मुलं, एकतीस चौकोन. लाजरी असतील, घरं लहान असतील, म्हणून शाळेनं कॅमेऱ्याची सक्ती केली नव्हती, त्यामुळे चौकोनांत फक्त नावं. पण मी "समजलं का?" विचारायचा अवकाश, बाजूच्या पट्टीत "येस मिस, येस मिस" असा पाऊस पडायचा. शिवाय महिन्याच्या अहवालात सगळ्यांपुढे हिरव्या खुणा. मी अण्णांना फोनवर ऐटीत सांगायची की आमच्याकडे न येणारं कुणी नाहीच.

त्या एकतिसांतलं एक नाव आमच्याच इमारतीतलं होतं. तळमजल्यावर घरमालकीण सरोजा मामी राहतात. त्या तंजावरकडच्या मराठी, बोलणं जुन्या वळणाचं आणि सूर पक्का तमिळ. त्यांची नात नित्तिला. तिची आई आवडी नावाच्या उपनगरात सरकारी नोकरीत, पहाटेच्या लोकलने जाते. आईच्या बदल्यांपायी पोरीच्या दोन शाळा झालेल्या. पहिल्या शाळेत थंडगार वर्ग आणि पोहण्याचा तलाव होता, पण बाई दर दोन महिन्यांनी नवी. दुसऱ्या शाळेत पत्र्याचं छप्पर आणि पायाखाली वाळू, पण पाढे मात्र नित्तिलाला तिथेच पाठ झाले. मग बदल्यांची कटकट नको म्हणून आमची ऑनलाइन शाळा. आता आई चेन्नईत स्थिरावली होती आणि एप्रिलमध्ये जवळच्या एका चांगल्या शाळेत सहावीच्या प्रवेशाची परीक्षा होती. पोरीला पुन्हा मैत्रिणी मिळाव्यात, डबा कुणाबरोबर तरी खावा, एवढंच घरच्यांना हवं होतं. "आमची पोर्गी कशी आहे गं?" मामी जिन्यात विचारायच्या. मी म्हणायची, "उत्तम. काळजीच करू नका."

जानेवारीत मला ताप आला आणि मी घरून वर्ग घेतला. अपूर्णांकांची बेरीज शिकवत होते. मध्येच थांबले, तर खालून, अर्ध्या क्षणाच्या अंतरानं, माझाच आवाज आला. मला फार गंमत वाटली. मुलांना गणित सोडवायला दिलं आणि नित्तिला कशी लिहिते ते बघावं म्हणून तशीच शाल गुंडाळून खाली गेले.

फोन कॉफीच्या टंबलरला टेकवून ठेवला होता. नित्तिलाबाई आवळ्याच्या बियांनी गजगे खेळत होत्या. एका हातानं बी झेलली, दुसऱ्या हाताच्या बोटानं "येस मिस" टाकलं, पुन्हा बी उडवली. मला दारात पाहून तिची बी फरशीवर पडली.

"एल्लारुम येस पोडुवांग, मिस," ती पुटपुटली. सगळेच येस टाकतात, म्हणून मीही.

मी तिच्या वहीवर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश लिहिलं. तिनं वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले आणि दोन पंचमांश लिहून आशेनं माझ्याकडे पाहिलं. मागे मामी उभ्या होत्या. त्यांना मी खरं सांगितलं, की मी न बघताच उत्तम म्हणत होते. मामींनी वाकून वहीतलं ते दोन पंचमांश पाहिलं. मग म्हणाल्या, "न बघता कसं सांगितलीस गं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला नव्हता, पण अंगात भलताच उत्साह चढला होता. बॅगेतली पाटी काढली. मुलांना सांगितलं, तोंड दाखवू नका, फक्त पाटी दाखवा. पाटी नसेल तर वहीचा पुठ्ठा, जेवणाचं ताट, काहीही. तेच गणित घातलं आणि जन्मात पहिल्यांदा मी म्हटलं, "पाट्या वर."

एकेक चौकोन उजळत गेला. कुणाचं ताट, कुणाच्या खोक्याचं झाकण, एकाची तर दुधाची पिशवी. त्यातल्या एकोणीस जणांचं उत्तर दोन पंचमांश. तुम्हाला वाटेल मी खचले. छे, मी आनंदानं खुर्चीतून उठलेच. दोन महिन्यांनी मला माझा वर्ग दिसत होता.

त्या महिन्याच्या अहवालात हिरव्या खुणा लाल झाल्या आणि आमच्या मुख्य बाईंनी मला बोलावून घेतलं. मी त्यांना वर्गातच बसवलं. पाट्या वर गेल्यावर त्या पुढे सरसावून बघू लागल्या आणि तास संपेपर्यंत उठल्या नाहीत. नित्तिला तर संध्याकाळी वर माझ्या स्वयंपाकघरात यायला लागली. डोशाचे तुकडे करून आम्ही अपूर्णांक खाल्ले. माझी पत्र्याची पाटी तिनं कधी खाली नेली ते कळलंही नाही. अण्णा रोज फोनवर माझी चौकशी सोडून तिचीच करत.

प्रवेशाची यादी लागली त्या दिवशी मला ऑफिसात चैन नव्हतं. बसमधून उतरून जवळजवळ पळतच आले. नित्तिला जिन्यात उभी होती, पाटी छातीशी उलटी धरून. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळू देत नव्हती. म्हणजे आमच्या शाळेतली ही एक पाटी जूनपासून जाणार की राहणार, ते तिच्या हातात होतं, आणि ती जावी म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते.

"मिळाला का प्रवेश?" मी विचारलं.

तिनं पाटी आणखी घट्ट धरली. मग माझ्या लक्षात आलं.

"पाटी वर," मी म्हटलं.

पाटी वर गेली. इंग्रजीत दोनच शब्द होते: येस मिस.

आत मामी डोळे पुसत साखर शोधत होत्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. त्या पहिल्या प्रवासानंतर मी कितीदा तरी फोन करून अण्णांना कळवलं होतं, चेन्नईला पोचले, ऑफिसात पोचले, खोलीवर पोचले; 'घरी' असं कधीच नाही.

"पोचलीस का?" अण्णांनी विचारलं.

"पोचले अण्णा," मी म्हटलं, "घरी पोचले."