पोळ्यांच्या डब्यातली अकरा मिनिटं

चाळीस वर्षं मी ही गोष्ट टाळत आलो. बायकोलाही सांगितली नाही. तुम्हाला सांगतोय – तुम्ही बबनला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

पण आधी चांगलं सांगतो. सांगू ना? कारण मी खरंच एक मोठं काम केलंय. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत, मी स्वतःच्या हातांनी घरचा संगीत सर्व्हर बांधला. पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, दोन हार्ड डिस्क, एक चिमुकला पंखा – आणि हे सगळं माझ्या बायकोच्या, मंगलच्या, पोळ्यांच्या जुन्या डब्यात, बाजूंना ड्रिलने भोकं पाडून. व्हिडिओ बघत बघत शिकलो. तीनदा वाट लागली, तीनदा पहिल्यापासून सुरू केलं. चौथ्यांदा स्वयंपाकघरात उभं राहून मोबाइलवर बोट टेकवलं आणि बाहेरच्या खोलीत तानपुरा सुरू झाला! मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. मंगल म्हणाली, "बरं झालं. पोळ्या वातड व्हायच्या त्या डब्यात. भीमपलास तरी ताजा राहू दे."

मग कॅसेटी भरायला घेतल्या. कॅसेट सर्व्हरवर चढवायची म्हणजे ती अख्खी वाजू द्यावी लागते, घाई चालत नाही. लावायची आणि आपल्या कामाला लागायचं. दोनशेच्या वर चढवल्या. एक शेवटपर्यंत मागे ठेवली होती.

ती बबनची.

बबन आणि मी भांडुपच्या एका कारखान्यात शेजारशेजारच्या बोर्डांवर ड्रॉइंग काढायचो. त्याची आई जालन्याकडे, गावी. जात्यावर बसून ओव्या म्हणायची, स्वतः रचलेल्या – मुंबईला गेलेल्या लेकाच्या, गावातल्या बुद्धविहाराच्या. बबनने सुट्टीत टेपरेकॉर्डर नेऊन त्या रेकॉर्ड करून आणल्या. आमच्यात डबल कॅसेटचा डेक फक्त माझ्याकडे, म्हणून कॅसेट माझ्याकडे दिली. "बहिणीला एक कॉपी हवीय रे. जपून हां, एवढी एकच आहे."

त्याने स्वतःही जपणूक केली होती. कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे असायचे. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नसे. बबनने दोन्ही मोडले होते.

एका रविवारी सकाळी रेडिओवर एक मैफल लागणार होती. घरात कोरी कॅसेट नव्हती, दुकानं बंद. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की पुन्हा रेकॉर्ड होतं, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. मी कात्री शोधली. पट्टी कापली. नखाने घट्ट बसवली. एवढा वेळ होता – समजतंय ना तुम्हाला? चुकून बटण दाबलं, असं नव्हतं ते. मला वाटलं, हे काय गाणं आहे? जात्याची घरघर आणि म्हातारीचा आवाज. आमच्या शेजारच्या जोशीकाकूंची भूपाळी असती तर पुसली असती का मी? नसती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आणि हेही अर्धंच आहे.

त्या दिवाळीत बबनची आई मुंबईला आली. तीन आठवडे राहिली. मी तिच्या हातचा चहा प्यायलो. एक शब्द बोललो असतो तर तिने पुन्हा म्हटलं असतं – तिथेच, मोरीजवळ बसून. मी बबनला म्हणालो, "करतो रे कॉपी, वेळ मिळाला की." ती गावी परतली आणि उन्हाळ्यात गेली. मग मी सांगितलं, मशीनने टेप खाल्ली. बबन काय म्हणाला? "तू मनाला लावून घेऊ नकोस यार. मशीनला काय कळतं."

तर गेल्या महिन्यात ती कॅसेट लावली आणि चहा टाकायला गेलो. मैफल संपली, टाळ्या संपल्या. एरवी मी इथेच बंद करायचो. या वेळी हात आधणाच्या पातेल्यावर होता. आणि बाहेरच्या खोलीत जातं फिरायला लागलं.

अकरा मिनिटं! मैफल आधी संपली होती, पुढची टेप तशीच राहिली होती. चाळीस वर्षं ती माझ्याच कपाटात होती. पुढे काही उरलंय का, हे ऐकून बघावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

मी ती चढवली. दोन्ही डिस्कवर. खरखर काढली – पण जात्याची घरघर ठेवली. मग दहिसरला बबनच्या घरी गेलो, त्याच्या टीव्हीशेजारच्या स्पीकरला माझा मोबाइल जोडला आणि मुलुंडच्या डब्यातून त्याची आई दहिसरला गायला लागली.

बबन उभाच राहिला. मग सुनेला हाक, शेजाऱ्यांना हाक, बहिणीला व्हिडिओ कॉल. "मशीनने खाल्लेली टेप! ह्या येड्याने चाळीस वर्षं सांभाळली आणि जोडली बघ!" तिकडे बहीण पदर डोळ्यांना लावून पुढच्या ओळी म्हणत होती. तिला सगळ्या पाठ होत्या. अख्खी खोली हसत होती, रडत होती. खोटं कशाला बोलू, असा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

कॅसेट माझ्या शर्टाच्या खिशात होती. ती त्याच्या हातात द्यायची, पट्टीची बाजू वर करून, असं ठरवून गेलो होतो. ड्रॉइंगवाल्याची नजर, एका क्षणात ओळखलं असतं.

"ती कॅसेट आहे का रे? आईची म्हणून ठेवली असती."

"तुकडे झाले तिचे," मी म्हणालो.

सुनेने शिरा केला होता. मी दोनदा घेतला.

दारात चपला घालताना अगदी तोंडाशी आलं होतं – बबन, मशीनने काही खाल्लं नव्हतं, मी पुसली, पट्टी लावून पुसली, आणि आई समोर बसली होती तेव्हाही गप्प राहिलो, माफ कर.

मी म्हणालो, "येतो रे."