प्रधान, शेंदूर आणि बंद पडलेली नळी

प्रधान आज पहाटे गेला, आणि मी अजून त्याच्यावर चिडलेलाच आहे.

पन्नासच्या दशकात अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात आम्ही दोघं ज्युनियर केमिस्ट.

त्याला एकच वेड. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेनॉल काढायचं.

जाड पोलादी नळी. आत कॉपर ऑक्साइड आणि झिंक ऑक्साइडच्या काळ्या गोळ्या. नळी तापवायची आणि दोन्ही गॅस दाबाने सोडायचे.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर उल्हासनगर कॅम्पातल्या सोडावाल्याकडून टांग्याने यायचा. तो सिंधी शेठ दर वेळी विचारायचा, "साईं, इतना सोडा पीता कौन है?"

गॅस गोळ्यांच्या पृष्ठभागावर चिकटतात आणि तिथेच त्यांचं जमतं, हे प्रधान मला रोज डबा खाताना समजावायचा. जेवण गोड लागू द्यायचा नाही.

पण जमलं. दुसऱ्या टोकाला थेंब पडायला लागले.

साहेब म्हणाले, "दिवाळीपर्यंत असंच चाललं तर मोठा प्लँट टाकू."

मग खंडेनवमी आली. सगळ्या मशीनची पूजा झाली.

दसऱ्यानंतर नळी सुरू केली, तर थेंबच नाही.

मी उघडून पाहिलं. आत गोळ्यांवर शेंदूर.

शेंदरात शिसं. ते गोळ्यांवर पसरलं की गॅसला टेकायला जागाच उरत नाही. जेवून झालेल्याने पंगतीतला पाट अडवून बसावं, तसं.

"कोणी घातला हा?"

"मी," प्रधान म्हणाला.

"केमिस्ट ना रे तू? साहेबांना खरं सांग, नव्या गोळ्या माग."

"नाही सांगणार. आणि तूही सांगायचं नाहीस. शपथ आहे."

साहेबांनी कारण विचारलं, तर हा पठ्ठ्या म्हणे, "माहीत नाही सर."

काम बंद. नळी भंगारात. प्रधान रिटायर होईपर्यंत रंगांचं टेस्टिंग करत बसला, आणि मी भेटेल तेव्हा त्याला घालूनपाडून बोललो.

मागच्या महिन्यात बदलापूरला त्याच्या घरी गेलो होतो. म्हटलं, "आता तरी सांग. का घातलास?"

"मी कुठे घातला? बाळू फिटरने घातला, चामटोलीचा. नुकताच लागला होता. पूजेच्या दिवशी नळी उघडून भक्तीने घातला बिचाऱ्याने. साहेबांनी त्याच दिवशी हाकलला असता."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या पोटात काही राहतं का?"

राहिलं असतं रे. एकदा सांगून तर बघायचं होतंस.

जा आता. भावपूर्ण श्रद्धांजली राग उतरला की वाहीन.