राघू मिस्त्रीची विंच

महाडच्या बाजारपेठेत कुणी सहज म्हणालं की, अमक्याची लॉरी हल्ली झकास पळते, तर राघू मिस्त्री चालता चालता थांबायचा आणि वळून सांगायचा, "पळंल नाय तर काय! हात कोनाचा लागलाय?" त्या लॉरीला त्याने आयुष्यात हात लावलेला नसला तरी त्याची हरकत नसे. महाडपासून पोलादपूरपर्यंत जे काही फिरतं, धूर सोडतं, ते आपल्यामुळेच, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. बढाईखोर माणसं मला एरवी सोसत नाहीत. हा मात्र पहिल्या दिवसापासून भयंकर आवडला, कारण त्याच्या बढाईत कुणाला कमी लेखणं नव्हतं, नुसता आनंद होता.

माझ्या काकांची, आप्पांची, महाडला लाकडाची वखार होती. लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा आप्पांनी त्यातली एक उचलली. सहा चाकांची, हिरवा रंग पोपडे धरून उडालेला, एक दार लावलं की दुसरं आपोआप उघडायचं. मॅट्रिक होऊनही कारकुनी सोडून मी त्या गाडीचं स्टिअरिंग धरलं, म्हणून घरात मी वाया गेलेला ठरलो होतो. आणि गाडी नीट ठेवायला म्हणून आप्पांनी पोलादपूरकडच्या राघूला नेमलं. लढाईत तो लष्कराच्या वर्कशॉपमध्ये ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आला होता.

तिकडे त्याने एक चमत्कार पाहिला होता आणि तो त्याच्या डोक्यातून जात नव्हता. "वसंतशेट, चिखलात रुतलेली गाडी सोताच सोताला भायेर काडते. समोरच्या झाडाला दोर बांधायचा नि रीळ फिरवायचं. मानसाला जमंल काय? आपन रुतलो की दुसऱ्याच्या नावानं ओरडतो!" ही विंच आपल्या गाडीला बसवायचीच, असं त्याने ठरवून टाकलं. डोंगरउतारावरचे सागाचे ओंडके वर आणायला आमचे बैल आणि गडी दोघेही मेटाकुटीला येत, त्यामुळे आप्पाही हो म्हणाले.

पुण्याच्या जुन्या बाजारातून राघूने विंच आणली. विंच म्हणजे गाडीच्या नाकाशी बसवायचं तारेच्या दोराचं जाडजूड रीळ. ते फिरवायला वेगळं इंजिन नसतं. गिअरबॉक्सच्या कुशीला एक झाकण असतं, ते काढून तिथे दातेरी चाकांची एक डबी बसवायची, तिला पीटीओ म्हणतात. मग गाडी जागच्या जागी उभी, आणि इंजिनाची सगळी ताकद त्या डबीतून लांब शाफ्टने पुढे रिळाकडे! हे सांगताना राघूचे हात, खांदे, भुवया सगळं फिरायला लागायचं. विंच एका गाडीची, डबी दुसऱ्या गाडीची, आणि आमची गाडी तिसरीच, एवढीच काय ती अडचण होती.

ते दिवस आठवले की अजून मला स्वस्थ बसवत नाही. सकाळी चहा घशात ओतून मी वखारीत धावायचो. राघू गाडीखाली आणि मी वर गिअरपाशी. डबीचे दाते गिअरबॉक्सच्या दात्यांत फार घट्ट बसले तर किंचाळायचे, फार ढिले बसले तर खडखडायचे. मधे पुठ्ठ्याचे पातळ पत्ते कापून घालायचे, एक काढायचा, पुन्हा घालायचा. "रडतेय तर घट्ट हाय, बडबडतेय तर ढिली हाय. गप बसली की जमली," तो गाडीखालून ओरडायचा आणि लगेच पुस्ती जोडायचा, "ह्ये बायकोला लावू नका हां! ती गप बसली की समजायचं, आपलंच काय तरी बिघडलंय." शेवटी एका दुपारी डबी गप बसली. राघू गाडीखालून बाहेर आला तो थेट नाचतच, आणि वंगणाने माखलेल्या हातांनी त्याने मला मिठी मारली. तो सदरा नंतर कधीच घालता आला नाही.

रीळ आणि शाफ्ट यांच्यामधे मऊ लोखंडाची एक पिन असते. भार हाताबाहेर गेला की ती तुटते आणि दोर वाचतो. मी म्हटलं, तिथे चांगला पोलादी बोल्ट ठोकू. राघूने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी बोल्ट खाली ठेवला. "काय तरी तुटनारच आसंल, तर सोपं ते तुटू दे, शेट."

आमच्या वखारीतले गडी आसपासच्या डोंगरवाड्यांतले. त्यांच्याकडे होळीचं झाड रानातून सगळा गाव ओढत आणतो, आणि प्रत्येकाचा हात दोराला लागावा लागतो. हात लागला नाही तो माणूस गावात असून नसल्यासारखा. त्यामुळे काहीही ओढलं जाताना नुसतं उभं राहून बघणं त्यांच्या रक्तातच नाही. पहिल्या चाचणीला आम्ही एक ओंडका दोराला बांधला, रीळ फिरलं, ओंडका हलला मात्र, सगळे गडी "हय्या हो" करत धावले आणि चक्क तारेच्या ताणलेल्या दोराला लोंबकळले! मी घाईने इंजिन बंद केलं. राघू पांढराफटक पडला होता. ब्रह्मदेशात असाच दोर तुटून उलटा आलेला त्याने पाहिला होता, आणि पुढे काय झालं ते तो कधी सांगत नसे. त्याने गड्यांना समजावलं, हात जोडले, शिव्या घातल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या ओंडक्याला पुन्हा तेच.

आप्पा संतापले. "ही विंच एखाद्याचा जीव घेईल. पावसाच्या आत गाडी भंगारात!" गाडी गेली की राघूचं काम गेलं, आणि काम गेलं की मुंबई. तिथे त्याच्या मेहुण्याने एका गॅरेजात त्याची जागा बघून ठेवली होती. राघूची बायको पारूवहिनी त्या दिवशी पोलादपूरहून सर्विस मोटारीने डबा घेऊन आली होती. ती माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "लडाईत गेलात तवा वाट बगितली. आता परत नाय बगनार, सांगून ठेवते." राघू मान खाली घालून पिना कापत बसला. त्या दिवशी त्याने एकही बढाई मारली नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी उगीचच गाडी धुवायला घेतली.

दोनच दिवसांनी सकाळी निरोप आला. कशेडीच्या घाटात आंब्याची लॉरी रस्ता सोडून खाली घसरली होती आणि एका ऐनाच्या झाडाला टेकून थांबली होती. ड्रायव्हर बचावला होता, आंब्याच्या पेट्याही लोकांनी वर आणल्या होत्या, पण लॉरी कोण काढणार? राघू आप्पांपुढे उभा राहिला. "एक येळ द्या, आप्पाशेट." आप्पा म्हणाले, "मी स्वतः येतो. एकाचाही हात तारेला लागला, तर गाडी तिथूनच भंगारवाल्याकडे." वाटेत पोलादपूरला पारूवहिनी मागे चढून बसली.

घाटात जत्रा लोटली होती. आजूबाजूच्या वाड्या रिकाम्या करून माणसं आलेली, बाया, म्हातारे, सगळे पदर-मुंडासी आवळून तयार! मी गाडी उभी केली, चाकांना दगडांच्या उट्या लावल्या, तारेचा दोर खाली नेऊन लॉरीला अडकवला. लोक पुढे सरकू लागले. आप्पा माझ्याकडे बघत होते.

राघूने गर्दीवर नजर फिरवली. मग आमच्या गाडीतला काथ्याचा जाड दोर ओढून काढला, त्याचं टोक लॉरीच्या नाकाला बांधलं आणि बाकीचा तारेपासून पार लांब, बाजूच्या उंचवट्यावर नेऊन टाकला. तिथे उभा राहून तो गरजला, "ह्यो दोर गावाचा! तारेचा माजा! ज्यानं त्यानं आपापला वढायचा! गावाचा जोर बगू द्या जरा!"

अख्खा गाव काथ्याच्या दोराकडे धावला. तारेपाशी चिटपाखरू उरलं नाही. आप्पांना हसू आवरेना. मी पीटीओ टाकला, रीळ फिरू लागलं, तिकडून "हय्या हो" सुरू झालं आणि लॉरी हलली! घामाने डोळे चुरचुरत होते तरी मी ओरडत होतो. लॉरी निम्मी वर आली आणि अडली. इंजिन गुरगुरलं, कट्‌ असा आवाज झाला. पिन तुटली होती. रिळाच्या ब्रेकने लॉरी होती तिथेच धरून ठेवली.

राघूने दुसरी पिन बसवली. तो इशारा करणार, तेवढ्यात उंचवट्यावरून पारूवहिनीचा आवाज आला. काथ्याच्या दोराच्या अगदी पुढच्या टोकाला ती होती. "अवो, थांबा! तिचं नाक दगडाला लागलंय! आदी आमी इकडं वढतो, मंग तुमी घ्या!" गाडीच्या बाबतीत कुणाचं ऐकणं राघूला ठाऊक नव्हतं. तो खाली वाकून बघून आला आणि त्याने हात वर केला. "वढा गो!" गावाने दोर ताणला, पुन्हा ताणला, आणि लॉरीचं नाक वीतभर बाजूला सरकलं. राघूचा हात खाली आला, मी ॲक्सिलरेटर दाबला, आणि ती लॉरी दगडाला घासत, माती उडवत जी निघाली ती थेट रस्त्यावर! लोक नाचले, ड्रायव्हर रडला, आंब्याची एक पेटी तिथल्या तिथे फुटली. आप्पांनी आंब्याची कोय चोखत मला विचारलं, "उद्या रानात किती वाजता निघताय?"

पुढे बरीच वर्षं राघूने ती विंच चालवली. आता तो नाही. अखेरच्या आजारातही तो वैद्याला सांगत होता की, काढा लागू पडतोय कारण आपलं शरीर आपण नीट ठेवलंय. मला मात्र तो आठवतो घाट उतरतानाचा. आप्पा मागे, आमच्या गाडीत भरून घेतलेल्या आंब्याच्या पेट्यांवर, आणि पुढे आम्ही तिघं. पारूवहिनीचे तळहात काथ्याने सोलवटले होते आणि ती त्यांवर फुंकर घालत होती.

"आमच्या दोरानं किती वर आली ओ लॉरी?" तिने विचारलं.

आता हा काय सांगणार ते मला माहीत होतं. मी हसायच्या तयारीतच होतो. राघूने तिच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाला, "अर्दी." मग पुढे, "तुज्या भावाला निरोप धाड. मी येत नाय म्हनावं."

"तो कालच धाडलाय," पारूवहिनी म्हणाली. "सर्विस मोटारीच्या कंडक्टरासंगं. विंच चालो नायतर पडो, मी बोलले, मानूस माजा हितंच र्‍हानार हाय."

राघू मिस्त्रीने सीटखालचं धुतलेलं फडकं ओढून फाडलं आणि पोलादपूर येईपर्यंत तो तिचे तळहात बांधत बसला.