हर्सूलच्या टेकडीवरची बोराटी

माझी नोकरीच संशयाची होती. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी तपासनीस होतो. समोर आलेला प्रत्येक भाग खराबच आहे असं धरून चालायचं आणि चांगला निघालाच तर नाइलाजानं शिक्का मारायचा, हे मी बारा वर्षं केलं. ही सवय काही फाटकाबाहेर पडताना काढून ठेवता येत नाही. बायको म्हणायची, "तुम्ही देवळात गेलात तरी प्रसाद उलटा करून बघाल." ती फार चुकीचं बोलत नव्हती.

अशा माणसानं दगडधोंड्यांतून मोटरसायकल चालवायचा नाद करू नये. मला तो लागला, आणि लावला उस्तादनं. उस्ताद म्हणजे हर्सूलचा गाड्यांचा मिस्त्री, मूळचा सिल्लोडचा, माझ्याच वयाचा. त्यानं भंगारातून एक जुनी टू-स्ट्रोक गाडी उचलली, मडगार्ड कापले, सायलेन्सर वर उचलून सीटखाली नेला, मोठ्या गुट्ट्यांचे टायर चढवले आणि मला म्हणाला, "देख, आता ही बकरी झाली. कुठं पण चढंल." ती चढायची, मीच घसरायचो.

हर्सूलच्या तुरुंगाची भिंत मागं टाकली की तासाभरात माणूस दमेल एवढ्या टेकड्या होत्या. खाली काळा दगड, त्यावर सुटे गोटे, मधेच मुरूम. अशा वाटेवर गाडीवर बसायचं नसतं, उभं राहायचं. गुडघे सैल ठेवायचे, क्लचवर दोन बोटं आणि नजर लांब. ज्या दगडाकडं बघाल त्याच दगडावर गाडी जाते. उस्ताद ओरडून सांगायचा, "पत्थर को मत देख, रास्ता देख." त्याला ते जमायचं, कारण त्याचा जगावर भरोसा होता. मला मात्र प्रत्येक दगड कुणीतरी मुद्दाम माझ्यासाठी आणून ठेवलाय असंच वाटायचं.

त्या हिवाळ्यात शहरातल्या काही हौशी लोकांनी टेकडी चढायची स्पर्धा ठरवली होती. मी नाव दिलं. सरावासाठी एक वाट धरली. पायथ्याच्या ओढ्यातून वर, मग एक खडकाळ चढ, चढाच्या डोक्यावर उंबऱ्यासारखा उंचवटा, आणि पलीकडं उतार. याच पायथ्याशी एका मेंढपाळाचं बिऱ्हाड उतरलेलं होतं. साठीचा माणूस, खांद्यावर घोंगडी, बोलणं कमी. रोज सकाळी दोन रिकामे कॅन घेऊन तो उस्तादच्या दुकानी यायचा आणि दुकानाच्या नळावर बिऱ्हाडाचं प्यायचं पाणी भरायचा. टेकडीच्या बाजूला दुसरं प्यायजोगं पाणी नव्हतं. कॅन भरेपर्यंत उस्ताद त्याला चहा पाजायचा. आम्ही दोघंही त्याला मामा म्हणायचो. उस्ताद मनापासून म्हणायचा.

माझ्या मनात त्याचा वेगळाच हिशेब चालू होता. मी चढ घेऊ लागलो की तो लांब एका दगडावर बसून बघायचा. गाडीच्या आवाजानं त्याची मेंढरं उधळायची, म्हणजे त्याला माझा राग असणारच. एका आठवड्यात दोनदा पंक्चर झालं आणि दोन्ही वेळा टायरात काटा निघाला. टेकडीवर बाभळी आणि बोरी सोडून दुसरं काही उगवत नव्हतं, हे मला दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि पटणं वेगळं. मी उस्तादला म्हणालो, "मामा काटे टाकतोय." त्यानं पकडीत धरलेला काटा माझ्या नाकासमोर नाचवला. "इसपे तेरा नाम लिखा है क्या? तेरे कू शक का कीडा लगेला है, भाई." मग दिवसभर तो येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला माझ्याकडं बोट दाखवून सांगत राहिला की सायबाच्या मागं मेंढरं लागलीत. सगळे हसले. ते मला फार लागलं.

मग आठ-दहा दिवस माझी शिफ्ट लांबली आणि टेकडीकडं जाणं झालं नाही. नंतर एका शनिवारी संध्याकाळी एकटाच गेलो. चढ छान घेतला, आणि उंचवट्याच्या अलीकडं पाहतो तर माझ्या वाटेवर आडवी बोराटी. बोरीच्या वाळलेल्या काटेरी फांद्या, चांगल्या पुरुषभर लांब, आणि वाऱ्यानं हलू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले. ब्रेक मारेपर्यंत पुढचं चाक त्यात गेलंच. हवा सुस्कारा टाकून निघून गेली. मला संताप आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. अखेर पुरावा सापडला होता. मी हातमोजे चढवले, दगड लाथेनं उडवले, एकेक फांदी ओढून बाजूच्या घळीत फेकली. उंचवट्यापलीकडं डोकावून बघायला चार पावलं पुरली असती. पण अंधारून येत होतं, गाडी ढकलत न्यायची होती, आणि मला जे बघायचं होतं ते बघून झालं होतं.

रविवारी सकाळी उस्तादनं पंक्चर काढलं, कार्बोरेटर जुळवला आणि म्हणाला, "आज पहिली चक्कर मी मारतो. आवाज बघू दे." बोराटीचं मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो परत हसला असता, एवढंच कारण. मी खाली ओढ्यात घड्याळ घेऊन उभा राहिलो. तो उभ्यानं, मजेत चढ चढला, उंचवट्यावरून हवेत उडाला आणि दिसेनासा झाला. इंजिन एकदा किंचाळलं आणि बंद पडलं.

मी धापा टाकत वर पोचलो. उंचवट्यापलीकडचा उतार जाग्यावर नव्हताच. मधल्या त्या दिवसांत कुणीतरी मशीन लावून पलीकडून मुरूम उपसून नेला होता. सरळ उभा कडा, दीड पुरुष खोल. खाली गाडी पडलेली आणि शेजारी उस्ताद उजवं मनगट मांडीवर धरून बसलेला. मनगट नको त्या दिशेला वळलं होतं. तेवढ्यात मामा दुसऱ्या अंगानं धावत आला. आम्ही दोघांनी उस्तादला उचलून वर आणलं. त्याला टेकवल्यावर मामानं आजूबाजूला नजर फिरवली. घळीत पडलेल्या फांद्या पाहिल्या.

"बोराटी कुणी काढली?" त्यानं विचारलं. "वाट बंद हाय म्हून मी टाकली हुती. मेंढरं जातील, सायबांची गाडी जाईल म्हून. बोराटी दिसली की कुणी बी वळतंय, म्हून दुकानी बोललो नाय."

मेंढपाळ बोराटी आडवी टाकतो तेव्हा त्याचा अर्थ 'इकडून जाऊ नका' एवढाच असतो, हे त्या टेकडीवरच्या शेंबड्या पोराला कळलं असतं. मी तिच्यात फक्त टायर फाडायचे काटे पाहिले होते. उस्ताद कण्हत माझ्याकडं बघत होता. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "मामा, मेंढरं काढायला तुम्हीच सरकवली असेल. परत टाकायची राहिली असेल." हे मी का बोललो याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. घाबरलो होतो. मामा म्हणाला, "मी नाय वो सायब. मी टाकली ती मीच कशाला काढू?" मग त्यानं घळीच्या काठापर्यंत मुरमात उमटलेले ठसे पाहिले आणि मग माझे जाड तळाचे बूट पाहिले.

उस्तादच्या हाताला सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. मिस्त्रीचा उजवा हात म्हणजे त्याचं सगळं दुकान. स्पर्धा अर्थातच गेली, पण तिचं दुःख करायलाही मला तोंड नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकून दुकानी गेलो आणि तो सांगेल तसे गाडीच्या पुढच्या वाकड्या फोर्कचे नट सोडवत बसलो. तेवढ्यात मामा कॅन घेऊन आला. अपघातानंतर प्रथमच.

उस्ताद त्याला बस म्हणाला नाही. म्हणाला, "मामा, आजपासून पाणी दुसरीकडं बघा."

मामानं कॅन खाली ठेवले. "मिस्त्री, मी बोराटी काढली नाय. कुणी काढली ते मला ठाव हाय. पर ज्यानं काढली त्यानंच सांगावं."

"कौन? नाम बोलो."

"मी सांगून तुमचा इस्वास बसायचा नाय."

तो तसाच उभा राहिला. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही, पण थांबला होता तो माझ्यासाठीच. पाना माझ्या हातात होता. तोंड उघडायला एवढा वेळ मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिला नसेल. मी नट फिरवत राहिलो. तो नट कधीच सुटून हातात आला होता.

उस्तादला काहीतरी उमगलं, पण भलतंच. त्याचा चेहरा कडक झाला. "मेरे भाई पे शक डालता क्या? रजा टाकून सख्ख्या भावासारखा राबतोय तो." मामानं रिकामे कॅन उचलले आणि टेकडीच्या दिशेनं चालू लागला. पुढच्या आठवड्यात बिऱ्हाड हललं, नेमाच्या दिवसांआधीच.

त्या दिवशी मामा रस्त्यापार जाईपर्यंत उस्ताद बघत राहिला. मग माझ्याकडं वळून हलक्या आवाजात म्हणाला, "तू सही बोलत होता रे. मैं ही भोला. मी तुझ्यावर हसलो." त्यानं डाव्या हातानं गल्ल्याखाली चाचपून एक कुलूप काढलं आणि माझ्यापुढं धरलं. नळाला लावायचं होतं. त्याचा उजवा हात गळ्यात होता, म्हणून ते मी लावलं.